पहिला दोर कुणाच्या कमरेला?

मंडळी, एक सांगा. जोखमीचं काम कुणी करायचं? तरण्यानं की म्हाताऱ्यानं?... तरण्यानं! बघा, पुढच्या रांगेतनं कसं झटक्यात उत्तर आलं. लोडाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांकडनं!

मग ऐका. बोरगव्हाणात तान्याबा गुरव होता, सत्तरीचा. देवळाची फरशी उकरताना त्याला मुंग्यांचं वारूळ लागलं. नुकत्याच जन्मलेल्या, फिकट मुंग्या अंड्यांपाशी. यानं काडीनं त्यांच्या पाठीवर कुंकवाचे ठिपके दिले — रिकामा उद्योग म्हणा! पण बघत राहिला. ठिपकेवाल्या आधी पिलं सांभाळायच्या. पुढं माती उपसायला लागल्या. आणि पार म्हाताऱ्या झाल्या तेव्हा बाहेर पडल्या, दाणा आणायला. बाहेर पाल, बाहेर चिमणी. जिचे दिवस थोडे उरलेत, तीच बाहेर!

आता त्या गावची रीत ऐका. विहीर उपसायची, तर पहिला उतरायचा नवा नवरदेव. का? तर म्हणे, हळदीच्या अंगाला विहीर धरत नाही. कुणी सांगितलं? ज्याला उतरायचं नव्हतं त्यानं!

त्या साली पाळी उमाजी पैलवानाची. लग्नाला नऊ दिवस झालेले. आत कंदील सोडला, तो विझला. पाटील म्हणाले, “वात ओली असंल.” अहो, वात कसली ओली! आत हवाच नासलेली.

तान्याबा म्हणाला, “कुणीच उतरू नका.”

“मुहूर्त टळंल, गुरव.”

“मग दोर मला बांधा. माझं बघून झालंय सगळं. त्याची बायको अजून घरातल्यांची नावं शिकतीय.”

बोलत बोलत चार पायऱ्या उतरला आणि बोलायचा थांबला. ओढला वर. दोन घटका शुद्ध नाही. डोळे उघडल्यावर म्हणतो कसा, “मी काटकुळा, म्हणून निघालो. हा पैलवान निघाला असता का रे?”

पाटलांनी मान खाली घातली. त्या दिवशी कुणी उतरलं नाही.

आवडली गोष्ट? माना कसल्या डोलावता! उद्या आपलीही विहीर उपसायचीय. उतरणाऱ्यांची यादी वाचली मी. पहिलं नाव सदूचं, लग्नाला आठवडा झालाय त्याच्या. काय म्हणावं तुम्हाला!

आता माझं ऐका. आधी कंदील सोडायचा. विझला, तर कुणी उतरायचं नाही. नाही विझला, तर पहिला दोर माझ्या कमरेला. एकाहत्तर पुरी झालीत मला. माझ्यामागं कोण येतो, त्यानं हात वर करा.

पोरांनो, तुम्ही हात खाली घ्या. मी पुढच्या रांगेला विचारतोय.