बाबांच्या स्कूटरचे चाळीस फोटो

एआयचं सोडा, आमच्या बाबांचं ऐका. आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मी अल्बम करायला घेतला. पण बाबांच्या मोबाईलमधले हजारो फोटो कोण बघणार? मग एआयला एक टूल जोडून दिलं. ते सगळ्या फोटोंच्या नखाएवढ्या प्रती एकदम आणून त्याच्यापुढे ठेवतं. म्हटलं, बाबांना जे सगळ्यात प्रिय दिसतंय, त्याचे चाळीस निवड.

त्याने चाळीसच्या चाळीस स्कूटरचे निवडले.

आई म्हणाली, "बरोबर ओळखलंन."

"अगं, उल्हासनगरच्या मार्केटात गाडी कुठे लावली ते विसरतो, म्हणून काढतो," बाबा म्हणाले.

मी एक फोटो मोठा केला. स्कूटरच्या मागे पिशवी धरून आई उभी. दुसऱ्यातही आई. चाळीसही फोटोंत आई. त्या बारक्या प्रतींत एआयला ती दिसलीच नव्हती.

"हिला खुणेसाठी उभी करायचो," बाबा घाईघाईने म्हणाले.

"अहो, परत येताना मी तुमच्यासोबतच असायचे. मग खूण कसली?"

बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला. तो कधीच रिकामा झाला होता.