प्रोफेसराचा काळा मणी

काचेचे मणी करायचं खूळ आमच्या प्रोफेसराच्या डोक्यात कसं शिरलं, देवालाच ठाऊक. माझा हा झील डिचोलीला कॉलेजात शिकवतो. नातीचं बारसं आलं तसा म्हणाला, "आये, तिच्या मनगट्यांचे काळे मणी बाजारातून आणू नकोस. मीच करतो."

ज्योतीवर काच वितळवून तारेवर गुंडाळायची आणि मणी राखेत सावकाश निवू द्यायचा. पण सरांना धीर कुठला! बघायला म्हणून लगेच बाहेर काढायचे, की मणी तडकलाच.

सून म्हणाली, "अहो, बारशाला लेकीचे हात ओकेच ठेवायचे का?"

शेवटी एक मणी शाबूत निघाला, सुपारीएवढा. कौतुकाने विद्यार्थ्यांना घरी बोलावलं. त्यांची परीक्षा तोंडावर आलेली.

"सर, काय सुंदर!" सगळे एका सुरात.

मी विचारलं, "बाबांनो, हा बांधला तर तान्ही पोर हात उचलेल कशी?"

त्यांतला एकजण हळूच म्हणाला, "आजी, परीक्षा झाली की सांगतो."

बारशाला मनगट्या बाजारातल्याच आल्या. सरांचा मणी आमच्या म्हशीच्या गळ्यात आहे. तिला अजून कोणाची दृष्ट लागली नाही, एवढं मात्र त्याच्या विद्येचं मानायला हवं.