चित्र क्रमांक १४ मधील इसम जिवंत असल्याबाबत

मी, वय २६ वर्षे, शिक्षण बारावी नापास, नोकरी ग्रंथालयाच्या डिजिटल चित्रसंग्रहात मदतनीस, राहणार ग्रंथालयामागच्या गल्लीत आईजवळ, आज मंगळवारी सकाळी ११.२० वाजता पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

संग्रहातल्या प्रत्येक छायाचित्राला शोधशब्द देणे हे माझे काम आहे. शोधशब्द चुकला तर चित्र असून नसल्यासारखे होते. माझा आजवर चुकलेला नाही.

काल दुपारी एक संशोधक बाई आल्या. त्या बेवारस मृतांवर पुस्तक लिहीत आहेत. त्यांच्यासाठी मी 'अनोळखी मृतदेह' असा शोध दिला. ६१ चित्रे आली. चौदावे पाहून बाई म्हणाल्या, "काय शांत चेहरा आहे! मुखपृष्ठावर हाच." चित्र मोठे केले, तेव्हा तो मी निघालो.

मी तसे सांगितले. ग्रंथालयाच्या साहेबांनी नोंद कोणी केली ते तपासले. मीच केली होती. रोज चारशे चित्रे नखाएवढ्या आकारात पाहावी लागतात, आणि डोळे मिटलेला स्वतःचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. साहेब म्हणाले, "मेलाय असं तूच लिहिलंस, जिवंत आहे असं तूच म्हणतोस. मी विश्वास कुणावर ठेवू, तुझ्यावर की तुझ्यावर? पोलिसांचा कागद आण." पुस्तक शुक्रवारी छापायला जाते.

चित्र तीन वर्षांपूर्वीचे, रुग्णालयाच्या व्हरांड्यातले आहे. मी बाकावर असून अंगावर पांढरी चादर आहे. त्या दिवशी वडील वारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

हवालदार म्हणाले, "मेलेल्याची ओळख नातेवाईक पटवतात. तू स्वतः काय आलास?" म्हणून आईला बोलावून घेतले. तिने चष्मा पुसून चित्र पाहिले व म्हणाली, "हा आमचा नव्हे. आमचा इतका निवांत झोपलाय कधी?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो.

मग ती म्हणाली, "चादर मात्र आमची आहे. मीच घातली होती."

हवालदारांनी विचारले, "कुणाच्या अंगावर, मावशी?"

 आई म्हणाली, "ह्याचे वडील गेले हे सांगायला मी बाहेर आले होते. नऊ दिवसांनी डोळा लागला होता पोराचा. मी तासभर उठवलंच नाही."

मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांची वेळ दुपारी ३.१० आहे. मला उठवले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात ४.१५ झाले होते. मधल्या वेळाबद्दल मला आजपर्यंत माहिती नव्हती.

तरी सदर चित्राचा शोधशब्द बदलून 'झोपलेला मुलगा' असा करण्यास हरकत नसावी. चादर घरी आहे. मागितल्यास हजर करीन.

वर लिहिलेले मला व आईला वाचून दाखवले. ते खरे आहे. मी जिवंत आहे, हेही खरे आहे. दोघांनी सह्या केल्या. आईने माझ्या आधी केली.