पिन नसलेला रेडिओ

कराड स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोघे मित्र बसले होते. एकाच्या मांडीवर जुना रेडिओ होता.

“बिरदेव, ह्यो कुठं घिऊन निघालास?”

“सांगलीला, दुरुस्तीला. आबांचा हाय. पिनच नव्हती, म्हणून मी जोडली आन् लाइटीवर लावला. आतल्या काचेच्या नळ्या भक्कन पेटल्या आन् विझल्या.”

“आरं गड्या, त्यो बॅटरीवरचा. गावात लाइट यायच्या आधीचा. आबांनी सांगितलं न्हाई?”

“लकव्यात वाचा गेलीया त्येंची. लय हात हलवत हुतं. मला वाटलं, खुशीत हायती.”

“नळ्या मिळतील जुन्या बाजारात. रेडिओ वाजला की आबा इसरतील.”

“न्हाई रं. आता मी जेवण घिऊन खोलीत गेलो, तरी तसाच हात हलवत्यात.”