डब्याच्या तळाचा आवाज

…नाही, हसू नका! तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही. कॉलेजात असताना पालघरला मोर्चा काढला होता आम्ही, तेव्हा सगळ्यांत पुढे मी, हातात फलक, समोर पोलिसांची रांग, आणि माझा घसा असा सुटलेला की रिक्षावाले रिक्षा थांबवून ऐकत होते. सापालासुद्धा भीत नाही. सरावलीला आमच्या चाळीमागच्या गटारातून निघतो कधीमधी, मीच काठी घेऊन हाकलतो. पण स्टीलची वाटी पत्र्याच्या डब्याच्या तळाला लागते ना… खर्रर्र… तो आवाज! तो ऐकला की हातपाय गार पडतात माझे. आणि गेल्या आठवड्यात तो आवाज आला तेव्हा तारीख किती, माहितीये? सव्वीस! बाबांचा पगार दहाला. म्हणजे तांदूळ संपत आलेला आणि चौदा दिवस उभेच्या उभे शिल्लक!

बरं, डबा रिकामा केला कुणी? मीच. थांबा, सांगतो.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. बाबा, म्हणजे नागोराव, अठरा वर्षं बोईसरच्या कंपनीत, अठरा वर्षं ठेकेदाराकडेच. दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद झाला. ओव्हरटाइम बंद म्हणजे तुम्हाला वाटेल, चला, माणूस लवकर घरी येतो, बरं झालं! अहो, ओव्हरटाइम म्हणजे आमचं गोडंतेल होतं, डाळ होती, बहिणीची बारावीची वह्या-पुस्तकं होती. इकडे ओव्हरटाइम गेला आणि तिकडे तेलाच्या पिशवीवरचा आकडा असा वर चढला की दुकानात मी पिशवी उचलायचो, वाचायचो आणि झोपलेल्या बाळासारखी हळूच परत ठेवायचो. रेशन म्हणाल, तर कार्डावर इथं मिळतं म्हणतात, पण मशीनवर बाबांचा अंगठा उमटत नाही, कंपनीत पत्रे घासून घासून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या. त्या मशीनच्या दृष्टीनं माझा बाप जन्मलेलाच नाही!

आणि आम्ही ज्वारीची माणसं हो. भाकरी लागते आम्हाला. पण ज्वारी आता गरिबाची राहिली कुठं? बाबा एकदा दुकानातून आले ते कपाळाला हात लावूनच.

"मैना, ऐकलीस का? आपली ज्वारी चकचकीत पिशवीत घालून इकायलेत! वर लिवलंय, पौष्टिक! आपण जलमभर पौष्टिक खाल्लं न् कुणी सांगितलं नाही आपल्याला!"

म्हणून भात. आणि आई, मैनाबाई, ती कसं भागवायची ते तिलाच माहीत. वरणात डाळ कमी आणि भोपळा जास्त. विचारलं तर म्हणायची, "भोपळ्यानं घट्टपणा येतो, लेकरा." आता मी अर्थशास्त्राचा पदवीधर. माझं रक्त सळसळलं. मी जेवता जेवता भाषणच ठोकलं. "आई, तुझ्याकडे नियोजन नाही! चार माणसांचं घर अंदाजानं चालत नसतं! एक महिना माझ्याकडे दे, दाखवतो."

आई काय म्हणाली असेल? "बरं. घे." आणि बाजाराची पिशवी माझ्या हातात! तिनं भांडायला पाहिजे होतं हो. ती भांडली नाही, तिथंच मी घाबरायला पाहिजे होतं… पण मी घाबरट माणूस नाही ना!

मी दोन सुधारणा जाहीर केल्या. पहिली, दलाल हटाव! तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा. दुसरी, उपास बंद! आई सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरायची. मी म्हटलं, अंधश्रद्धा! या घरात स्त्री-पुरुष सगळे रोज, पोटभर, समान जेवतील. वर्षाराणीनं, म्हणजे बहिणीनं, टाळ्या वाजवल्या. आई नुसती बघत राहिली माझ्याकडे. मला वाटलं, अभिमानानं.

गेलो वाणगावला. तिथं बुधी म्हणून एक म्हातारी बसते, डोंगराकडची, स्वतःच्या शेतातला तांदूळ आणते. पुढ्यात दोन गोण्या.

"ये रं भाऊ. यो नवा हाय, यो जुना हाय. कोणता देऊ?"

"भाव?"

तिनं सांगितला. जुना महाग, नवा स्वस्त! आता तुम्हीच सांगा, जुनी वस्तू महाग आणि ताजी वस्तू स्वस्त, हे जगात कुठं असतं? मी म्हटलं, "मावशी, शिळा माल माझ्या गळ्यात मारू नका."

म्हातारी हसली. तोंडात तीनच दात, पण हसली मात्र पूर्ण. "अरं, रोजच्या भाताला जुनाच नेतान. घरात माणसं किती?"

"चार."

"मंग जुना ने. आईला इचार पायजे तर."

आईला विचार! मला! पदवीधराला! मी नवा तांदूळ भरला, आई महिन्याला आणायची तेवढाच अगदी मोजून भरला, गोणी खांद्यावर मारली आणि असा निघालो की जणू घरी क्रांतीच घेऊन चाललोय.

पहिले आठ दिवस काय सांगू… सगळे रोज जेवत होते. आईसुद्धा! गुरुवारी आई ताट घेऊन आमच्याबरोबर बसली आणि पहिला घास घेताना इकडेतिकडे बघितलं तिनं, चोरी केल्यासारखं. भात जरा चिकट व्हायचा, गोळा व्हायचा, पण मी म्हटलं, ताजेपणाचं लक्षण! फक्त एक गोष्ट कळेना. चार वाट्या टाकल्या तरी पातेलं अर्धंच. पाच टाकल्या, तरी बाबा पातेल्यात वाकून बघायचे. "सुजित, भात चोरायलंय का कुणी?"

आणि मग सव्वीस तारीख. खर्रर्र…

तुम्हाला सांगतो, मी त्या दिवशी काय केलं ते कुणाला सांगू नका. डब्याच्या तळाशी मी माझा जुना टी-शर्ट घडी करून घातला. वर उरलेला तांदूळ. का? आवाज येऊ नये म्हणून! आईच्या कानावर पडू नये म्हणून! सरकार आकडे दडपतं म्हणून मोर्चे काढणारा मी, घरात तांदळाचा तळ दडपत होतो! दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी वर्षाराणी ओरडली, "दादा, तांदळाच्या वाटीत बाही आलीय!"

तेवढ्यात शेजारच्या हंसाकाकी आल्या, इथल्याच, वाणगावकडच्या. त्यांनी दोन दाणे दाताखाली धरले आणि कपाळावर हात मारला.

"ऑ! यो तर नवा तांदूळ! अरे सुजित, नवा फुलत नाय रे! आमी सणापुरता खाव, नायतर पीठ करून भाकऱ्या थापाव. भाताला वरसाचा जुना पायजे, तो दुप्पट होतो. तुला इकणारीन सांगितला नाय?"

सांगितलं होतं हो! तीन दातांनी सांगितलं होतं! नांदेडच्या माणसाला ज्वारीचं विचारा, दाणा बघून रान सांगेल. तांदूळ जुना होऊन महाग का होतो, हे आम्ही कुठल्या शेतात शिकणार?

पण थांबा. खरी भीती तर इथून पुढे. हंसाकाकी गेल्या आणि मी कागद घेऊन बसलो. तांदूळ न फुलल्यामुळे किती लागला, ते धरलं. तरी ताळा बसेना! तरीही जास्तच गेला होता. कोण खातंय जास्त? बाबा? नाही. मी? नाही. वर्षाराणी चिमणीसारखी. आणि तेवढ्यात आई म्हणाली, "मला नको वाढू आज. एकादशी हाय."

मी कॅलेंडर बघितलं. "आई, एकादशी होऊन गेली."

"मग ती ऱ्हायलीच होती धरायची."

"आणि फराळाला काय खाणार?"

"कोरा च्या."

साबुदाणा नाही, शेंगदाणे नाहीत, भगर नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. सोमवार, गुरुवार, शनिवार… उपासाला लोक फराळ करतात, माझ्या आईनं कधी केला होता? मी विचारलं, "कधीपासून धरतेस गं?"

ती भांडी आवरत म्हणाली, "तुझं कालेज सुरू झालं तवापासून. तवा देवाला बोलले होते."

कळलं का तुम्हाला? माझ्या नियोजनात माणसं चार होती. तिच्या नियोजनात कधी चार नव्हतीच! ताळा कुठून बसणार? तिला अंधश्रद्धा म्हणणारी माझी पदवी तिच्या गुरुवारांवर झाली होती! मी घाबरट नाही, पण मी तिच्या ताटाकडे बघू शकेना.

मी उठलो आणि जाहीर केलं, "आजपासून गुरुवार माझा!"

"तू तर म्हनतूस देव न्हाई."

"देव नसला म्हणून काय झालं, गुरुवार तर आहे!"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. हळूच म्हणाले, "मला सोमवार लिव." वर्षाराणीनं हात वर केला, "शनिवार मी! कॉलेजला सुट्टीच असते." मी गणित केलं, तिघांनी एकेक वार धरला तर दहा तारखेपर्यंत कसेबसे पोचतो. आणि आई? आई खवळली! जन्मात पहिल्यांदा भांडली! "माझे वार हाईत ते! कुणाला इचारून वाटून घ्यायलात? मी काय धरू मग?"

"काही नाही. तू जेवायचं."

तिचा चेहरा असा झाला, जणू तिला कामावरून काढलं.

मला वाटलं, जिंकलो. वार संपले, आता जाईल कुठं? तिला रोज जेवावंच लागणार. आज सकाळी तिनं डबा उघडला. मी कानांवर हात ठेवले, आता येणार, खर्रर्र… आलाच नाही. बघितलं तर तिनं तीनच वाट्या काढल्या होत्या आणि झाकण लावत होती.

"आई, आज रविवार. आज कुणाचाच उपास नाही!"

"व्हय. पण आज चतुर्थी हाय की."

वार काढून घेतले, तर बाई तिथींवर गेली! आणि तुम्हाला सांगतो, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहून मोजल्या मी… पंधरवड्याला पंधरा तिथी आहेत हो. आणि त्या वाटून घ्यायला आम्ही माणसं तीनच.