केरोबाअण्णांच्या पोटातली पंगत

मंडळी, ऐका! प्रश्न सोपा आहे, उत्तर मात्र मला सापडत नाही. जेवून उठताना आपण म्हणतो, 'मी जेवलो' — हा 'मी' कोण? हसू नका! परवापर्यंत मीही हसत होतो.

आमच्या गावात केरोबाअण्णा. मारुतीच्या देवळात आरतीचं ताट धरायचा मान त्यांचा. उमेदीत गुळाची ढेप एकट्यानं उचलायचे! पण त्यांची बायको राधाक्का गेली आणि चूल थंडावली. सकाळी चहा-खारी, रात्री चहा-खारी! गेल्या हनुमान जयंतीला आरती सुरू झाली, सगळे उठले — अण्णा उठेनात! हात टेकला, गुडघा टेकला — छे! कुणीतरी खुर्ची आणली. खुर्ची! ताट पुतण्याकडं गेलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "अण्णा, वय झालंय हे खरं. पण पोटातले चांगले जंतूही रोडावले असणार. त्यांना खायला घाला."

अण्णांनी काय ऐकलं? — जंत! "आईनं एरंडेल पाजून पाजून जे काढले, ते आता मी पोसू? ह्यो डाक्टर हाय का कोण!" घरी आले आणि एरंडेलच प्याले! पुढचं सांगत नाही, समोर आयाबाया बसल्यात. अण्णा खाटेला लागले.

शेजारच्या आळीतली शेवंता धावली. डॉक्टरांना फोन लावला, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवो अण्णा, जंत न्हवं, जंतू! दुधाचं दही करत्यात, तसले! त्यास्नी भाकरी लागती, डाळ लागती, पालेभाजी लागती. उद्यापास्नं चालत माझ्याकडं जेवायला या, आमच्या पंगतीत बसा."

गेले. वाटीतलं दही जिभेवर ठेवलं — आणि थांबले. "ही चव..."

"वळखली? राधाक्कांकडनंच विरजण नेलं हुतं. त्येच चालू हाय अजून."

मंडळी, बाई गेली, विरजण राहिलं! मग गेलं कोण? राहिलं कोण? देहात जीव एकटा, असं मी जन्मभर कीर्तनात सांगत आलो — आणि इथं तर पोटात अख्खी गावं वसलेली! माझं डोकंच चालेना. अण्णा तर दिवसेंदिवस सावरत चालले. डॉक्टरांना विचारलं, "अण्णांना गुण कशानं आला? दह्यानं?" म्हणाले, "दही, डाळ, रोजचं चालणं, की पंगतीतली सोबत — नक्की नाही सांगता येत, महाराज." घ्या! तेही गोंधळलेले!

पण यंदाच्या जयंतीला आरती सुरू झाली, आणि अण्णा उठले! लटपटत, सावकाश — पण उठले! पुतण्यानं ताट हातात दिलं. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, एकटे उठलात?"

"एकटा कुठला? आमी समदे उठलोय!"

मला 'मी' अजून सापडलेला नाही, मंडळी. पण तुमच्या घरी भिंतीकडं तोंड करून कोण एकटं चहा-खारी खातंय, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना उद्या पंगतीत घ्या. आणि आता आरती — चला, उठा! हात न टेकता हं! बघू, कितीजण उठताय!