पिशवीत मावणारं यंत्र

शहाद्याच्या स्टँडवर कळसाडीच्या बसची वाट बघत बसलेल्या अख्तरबानोच्या कानावर त्याच बससाठी थांबलेल्या शेजारच्या मायलेकींचं बोलणं येत होतं.

"सीमा, ह्या डबीमा काय शे व?"

"मी लॅबमा बनाडेल यंत्र शे, माय. केससारखा काचना धागा रगतना थेंबमा बुडाडा, त्यामातून उजेड सोडा, की किडनीनं दुखणं समजी जास."

"हाईच का ते? तुन्हा बाप दवाखानामा गयाच नही. 'मन्ही पोर यंत्र घर लई येनार शे,' म्हने. वाट देखता देखताच गया."

"मीच थांबाले सांगेल व्हतं त्यासले. पिशवीमा मावाले पाहिजे व्हतं ना, माय."

"तवय कितलं मोठं व्हतं?"

"टेबलभर."

"पन चालत व्हतं ना?"

बस लागली. अख्तरबानो उठली. त्या दोघी बसूनच होत्या.